टाइलमागची भिंत

घरातल्या भिंतींमध्ये सगळ्यात गच्च भरलेली भिंत कुठली असेल तर ती बाथरूमची. हॉलमध्ये फ्रेम लावायची तर रंग, गिलावा, वीट, संपलं. बाथरूममध्ये वर टाइल, तिच्या मागे अ‍ॅडेसिव्ह किंवा नुसतं सिमेंट, मग गिलावा, मग वीट किंवा ब्लॉक किंवा सरळ काँक्रीट, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी गार पाण्याची लाइन, गरम पाण्याची लाइन, गीझरची वायर, कधी पलीकडच्या किचनची पण वायर. यातलं बाहेरून काहीच दिसत नाही. दिसते फक्त टाइल, आणि आपण तिच्यावर पेन्सिलने खूण करतो आणि ड्रिल लावतो.

माझी मावशी बाथरूममध्ये पडली तेव्हा तिने आधाराला टॉवेल रॉड धरला होता, आणि तो रॉड स्क्रू आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात तो प्लास्टिकचा तुकडा, यांच्यासकट उपटून तिच्या हातात आला. खुब्याचं हाड मोडलं, मग ऑपरेशन, वॉकर, सगळं ओघाने आलंच. ती हळूहळू बरी झाली. पण ती उपटलेली गिट्टी मी नंतर निरखून बघितली, तिच्यावर विटेचा लाल कण एकही नव्हता, नुसती पांढरी-राखाडी पूड. म्हणजे ती गिट्टी विटेपर्यंत कधी पोचलीच नव्हती, टाइल आणि गिलावा एवढ्यावरच ती इतकी वर्षं उभी होती, आणि टॉवेलचं वजन पेलत होती म्हणून कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून टाइलवर सेफ ड्रिलिंग म्हटलं की मला दोन माणसं दिसतात. एक ड्रिल धरणारा, ज्याला शॉक लागू नये, डोळ्यात कच जाऊ नये, पाइप फुटू नये. आणि दुसरं माणूस नंतरचं, जे कधीतरी पहाटे झोपेत उठून त्या भोकांवर बसवलेल्या दांड्याला जीव मुठीत धरून लटकणार आहे. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे एवढं लिहितेय.

मावशीच्या बाथरूममध्ये ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा आधाराचा दांडा, लावायचा ठरला तेव्हा पहिलं काम मी काय केलं तर तिलाच कमोडवर बसवलं आणि म्हटलं, उठून दाखव बघू, हात आपोआप कुठे जातो. ती म्हणाली, "अगं, हात तर इथे जातो, पण तू म्हणतेस तिथे नाही जात." पुस्तकात, चार्टमध्ये उंची दिलेली असते, पण पाच फुटांच्या बाईचा हात आणि पावणेसहा फुटांच्या माणसाचा हात एका जागी जात नाही, त्यामुळे ज्याला वापरायचाय त्यालाच बसवून खूण करा. ती खूण झाली की मग प्रश्न येतो की तिच्यामागे काय आहे.

पाइप कुठे असेल याचा ढोबळ नियम असा की नळ, अँगल कॉक, डायव्हर्टर, शॉवर, गीझरचे दोन पॉइंट, या प्रत्येकाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत धोक्याचा पट्टा धरायचा, दोन्ही बाजूंना निदान चार-सहा इंच. चांगला प्लंबर लाइन उभी-आडवीच नेतो. पण सगळेच नेत नाहीत, एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, वाचवायला तिरपी मारलेली लाइन फोडलेल्या भिंतीत मी स्वतः बघितलीय. काही जण म्हणतात की भिंतीतला पाइप शोधायचं डिटेक्टर मिळतं ना, घ्या ते. मिळतं, पण साधं डिटेक्टर धातू शोधतं. जुन्या बिल्डिंगमधली जीआयची म्हणजे लोखंडी लाइन, सळई, वायरचं तांबं ते दाखवेल. आता जवळजवळ सगळीकडे सीपीव्हीसी आहे, म्हणजे प्लास्टिक, आणि ते त्याला दिसत नाही. स्क्रीनवर काही आलं नाही म्हणजे भिंत रिकामी आहे असं बिलकुल समजू नका.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट करते मी. गीझर चालू करून गरम पाणी चांगलं पाच-दहा मिनिटं सोडते आणि मग टाइलवर हाताचा मागचा भाग फिरवते. लाइन फार खोल नसेल तर टाइलचा एक पट्टा कोमट लागतो, थंडीच्या दिवसात तर छान कळतं. गार पाण्याच्या लाइनसाठी हा उपाय नाही, पण ती बहुतेक वेळा गरमच्या शेजारूनच गेलेली असते. आणि ज्यांच्या घरी आत्ता काम चालूय त्यांना हात जोडून सांगणं आहे, टाइल बसायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मेजरिंग टेप भिंतीला लावून काढा. बिल्डरकडून पझेशन घेताना कोणाला भिंतीतल्या लाइनचं ड्रॉइंग मिळालंय? मला तरी असा माणूस अजून भेटला नाही.

पाइप फुटला तर किती पाणी येतं याचा अंदाज लोकांना नसतो. टाकी तुमच्यापेक्षा १० मीटर उंच असेल तर पाइपमध्ये साधारण १ बार प्रेशर, ३० मीटर असेल तर ३ बार. म्हणजे उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर जोराची पिचकारी उडते, आणि हातात वायरवालं ड्रिल असेल तर ती थेट मशीनवर. त्यामुळे ड्रिल बाहेर काढायच्या आधी बाथरूमचा मेन कॉक कुठाय ते शोधायचं आणि तो बंद करून नळ उघडून बघायचं की पाणी खरंच थांबतं का. जुने कॉक फिरतात पण बंद होत नाहीत. मग वर टेरेसवरचा व्हॉल्व्ह, त्याची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला, हे सगळं पाइप फुटल्यावर करण्यात अर्थ नाही. आणि हे काम रविवारी संध्याकाळी काढू नका, ज्या वेळी प्लंबर फोन उचलतो अशा वेळी काढा.

आता वीज. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे चूक झाली तर ती टाइल बदलून भरून येत नाही.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डवरचा स्विच, तो वायरला वाचवायला असतो, माणसाला नाही. गीझरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो, आणि माणसाच्या अंगातून १० मिलीअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि त्याच्या काही पटच पुढे गेलं की हृदयाचा ठोका बिघडू शकतो. १० मिलीअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा शंभरावा भाग. तेवढ्याने एमसीबीला काही कळत पण नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून बरेच जण ईएलसीबी म्हणतात, घरासाठी ३० मिलीअँपिअरवाला. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसेल, म्हणजे काही करंट दुसऱ्याच वाटेने, समजा तुमच्यातून, जमिनीत चाललाय, तर तो क्षणात लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही तर त्या दिवशी ड्रिलिंग नाही, आधी इलेक्ट्रिशियन. आणि तुमच्या बोर्डवर तो नसेलच, जुन्या घरांमध्ये खूप ठिकाणी नसतो, तर ड्रिल राहू दे बाजूला, आधी तो बसवून घ्या, ते नुसतं ड्रिलिंगसाठी नाही, गीझरखाली रोज आंघोळ करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बाथरूममध्ये वायरवालं ड्रिल नेऊच नये. बॅटरीवालं १२ व्होल्टचं ड्रिल टाइल आणि विटेला पुरतं. त्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणी सांगत नाही, तो हा की तुम्ही अख्ख्या घराचा मेन स्विच बंद करून काम करू शकता. फक्त गीझरचा एमसीबी पाडून भागत नाही, कारण त्या भिंतीच्या पलीकडे किचन असेल तर मिक्सरच्या पॉइंटची वायर याच भिंतीतून गेलेली असू शकते, आणि बॅटरीच्या ड्रिलने सुद्धा भिंतीतली जिवंत वायर लागली तर बिटमधून, बिट धरणाऱ्या चकमधून करंट हातापर्यंत येऊ शकतो. मेन बंद, डोक्याला बॅटरीचा टॉर्च, फ्रिज अर्धा तास बंद राहिला तर काही होत नाही. काँक्रीट लागलं आणि वायरवालं वापरावंच लागलं तर मेन चालू ठेवावा लागतो, पण मग जमेल तेवढे बाकीचे एमसीबी पाडा, आरसीसीबी चालू हवाच, एक्स्टेन्शन बोर्ड बाथरूमच्या दाराबाहेर, वायर खांद्यावरून मागे टाकलेली, फरशी कोरडी, पायात रबराची चप्पल. आणि अशा वेळी पाणी मारत ड्रिल करायचं नाही, ते फक्त बॅटरीवाल्यासोबत.

आता टाइल. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आणि व्हिट्रिफाइड टाइल दिसायला सारख्या असू शकतात, दोन्ही बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहूनच आलेल्या असतात, पण ड्रिलला त्या अगदी वेगळ्या लागतात. सिरॅमिकची मागची बाजू मातीची, सच्छिद्र, वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषणारी. व्हिट्रिफाइड जास्तीत जास्त अर्धा टक्का, म्हणजे ती आतून काचेसारखी घट्ट झालेली. माळ्यावर किंवा गच्चीत उरलेली एखादी टाइल असतेच, तिच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाका, लगेच शोषला तर सिरॅमिक. त्याच टाइलवर आधी एक भोक पाडून बघा पण, हात बसतो.

सिरॅमिकला भाल्याच्या टोकासारखं कार्बाइडचं बिट चालतं, हार्डवेअरवाल्याकडे टाइल-ग्लासचं बिट म्हणून मागायचं. व्हिट्रिफाइडला ते लावलं तर बिट तापतं, लाल होतं, टोक बोथट होतं, आणि मग माणूस वैतागून जोर लावतो आणि टाइलला तडा जातो. तिथे डायमंडचं पोकळ बिटच हवं, आणि पाणी. कोणीतरी शेजारी स्प्रेची बाटली घेऊन उभं राहावं आणि थोड्या थोड्या वेळाने मारत राहावं. डायमंड बिटला टोक नसतं, ते सरळ लावलं की टाइलवर घसरतं, म्हणून सुरुवातीला जरा तिरकं धरून अर्धचंद्रासारखी खाच करायची आणि मग हळूहळू सरळ करायचं.

दोन्हींना एक गोष्ट लागू, हॅमर बंद. ड्रिलवर एक हातोडीचं चित्र असतं आणि एक नुसत्या बिटचं, कळ बिटच्या चित्रावर हवी. टाइल पूर्ण पार होईपर्यंत ती कळ हलवायची नाही, काही झालं तरी. आणि स्पीड कमी. घरगुती ड्रिल फुल स्पीडला मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे सहज मारतं, इथे सुरुवात हजाराच्या खालीच करायची, म्हणजे ट्रिगर अर्धवटच दाबायचा. जोर किती द्यायचा हे शब्दात सांगणं कठीण आहे, पोळी लाटताना कडेला हात जितका हलका ठेवतो तितका, एवढंच म्हणेन. खुणेवर मास्किंग टेपची फुली लावली की बिट घसरत नाही. टाइलच्या कडेपासून इंचभर आत राहायचं, आणि भोक पाडायच्या आधी बोटाच्या पेराने टाइल ठोकून ऐकायची. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर मागे मालच भरलेला नाही, तिथे ड्रिलने नाही तर नंतर स्क्रू आवळताना ती फुटणार.

टाइल पार झाली की बिट बदलायचं, आता भिंतीचं बिट. आणि इथून पुढे डोळे भोकावर नाही, पुडीवर ठेवायचे. आधी टाइलची पांढरी पूड पडते, मग सिमेंटची राखाडी, आणि मग लाल आली की वीट लागली, हे बघून मला दर वेळी बरं वाटतं. लाल आलीच नाही, राखाडीच राहिली आणि बिट पुढे सरकेना तर काँक्रीट आहे, कॉलम असेल किंवा हल्लीच्या बिल्डिंगसारखी सगळी भिंतच काँक्रीटची असेल, तिथे आता हॅमर लावता येतो, पण टाइलमधलं भोक एक साइज मोठं करून, म्हणजे थरथरणारं बिट टाइलच्या कडेला लागणार नाही. फिकट, भुसभुशीत पूड भसाभसा आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात. तिथे हॅमर कधीच नाही. आणि पूड ओली आली तर थांबायचं. बिट बाहेर ओढून बघत बसायचं नाही, आधी कॉक बंद आहे ना ते बघायचं.

गिट्टीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पूर्वी भिंतीत खाच करून लाकडी गिट्टी ठोकायचे आणि सिमेंटने भरायचे, जुन्या वाड्यांमध्ये चाळींमध्ये अजून सापडतात. आत्ताची नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीतल्या आर्थर फिशरने १९५८ मध्ये काढली. स्क्रू आत गेला की ती फाकते आणि भिंतीला आतून धरते, सगळी ताकद त्या फाकण्यात आहे. आता विचार करा, ती फाकते कुठे? टाइल ८ ते १० मिलीमीटर, तिच्यामागचा माल आणि गिलावा मिळून अजून १५-२० मिलीमीटर. ४० मिलीमीटरची गिट्टी टाइलच्या तोंडाशी सपाट बसवली तर तिचा अर्ध्याहून जास्त भाग टाइल आणि गिलाव्यात, म्हणजे ती फाकताना एक तर टाइलला चिरा पाडणार नाहीतर गिलाव्यात नुसती फिरत राहणार. आणि पाकिटात मिळतो तो स्क्रू तेवढ्याच लांबीचा. मावशीच्या रॉडचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून भोक ७० मिलीमीटरच्या आसपास, बिटवर टेप गुंडाळून खूण करून, आणि गिट्टी टाइलच्या आत, गिलाव्याच्याही पार ढकलायची, मोठ्या खिळ्याने किंवा स्क्रूनेच हलके ठोकून, म्हणजे ती सगळीच्या सगळी विटेत फाकेल. स्क्रू त्या हिशोबाने लांब, स्टेनलेसचा, ५ मिलीमीटर जाडीचा, कारण बाथरूममध्ये साधा स्क्रू आतल्या आत गंजतो आणि बाहेरून डोकं चकचकीत राहतं. चार इंची भिंत असेल तर पलीकडे काय आहे त्याचा पण विचार करा, पलीकडे कोणाचं तरी कपाट असतं. अमेरिकेतल्या नियमात ग्रॅब बारने २५० पौंड, म्हणजे ११३ किलो पेलायला हवेत असं आहे. माणसाचं वजन ६० किलो असलं तरी पडताना तो झटका ६० किलोचा नसतो, म्हणून एवढं.

बाकीचं पटकन सांगते. डोळ्याला गॉगल, नाकाला एन-९५, कारण टाइल आणि सिमेंटच्या पुडीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. केस बांधलेले, ओढणी नको, बांगड्या काढलेल्या, कापडी हातमोजे पण नको, फिरत्या बिटमध्ये अडकतात. प्लास्टिकच्या स्टुलावर नाही, नीट घोडीवर उभं राहायचं. नहाणी ट्रॅपवर जुनं फडकं टाकायचं, नाहीतर स्क्रू आणि टाइलचे तुकडे आत जातात. आणि स्क्रू आवळायच्या आधी भोकात सिलिकॉन भरायचं, नाहीतर प्रत्येक आंघोळीचं पाणी त्या वाटेने भिंतीत मुरतं आणि पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला गंज आणतं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या, आणि २४ तास त्या बाथरूममध्ये पाणी नको.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दांड्याला दोन्ही हातांनी लटकते, झटके देते, मग मावशीला बोलावते. तिने विचारलं, "हा तरी निघणार नाही ना गं?" मी तिला भोकातून निघालेली लाल पूड दाखवली, कागदावर काढून ठेवली होती. तिला पटलं.

पण सगळीकडे असं जमत नाही. आमच्या शेजारच्या विंगमधल्या आजोबांनी बोलावलं, नवी बिल्डिंग, भिंत सिपोरेक्सची, आणि ठोकून बघितलं तर कमोडच्या बाजूच्या तीन टाइल पोकळ. मी ड्रिल बॅगेतून काढलंच नाही. ते थोडे नाराज झाले, "अहो बाई, एक भोक पाडायला काय जातंय," असं पण म्हणाले. त्यांना मी मेडिकलच्या दुकानात मिळणारी कमोडभोवती उभी राहणारी स्टीलची फ्रेम आणायला सांगितली, जमिनीवर चार पाय, भिंतीला काही नाही, आणि आंघोळीला पाठीची भक्कम खुर्ची. नंतर त्यांच्या मुलाने बाथरूमचं काम काढलं तेव्हा मिस्त्रींना सांगून त्या जागी टाइलच्या मागे ब्लॉक काढून काँक्रीट भरून घेतलं, दांड्याच्या दोन्ही टोकांना हातभर रुंद. टेप लावून फोटो काढले, आणि टाइल बसून सुकल्यावर मग मी ड्रिल घेऊन गेले.